एवढं पान होऊ दे

महिन्याला चार पुस्तकं, दोन कादंबऱ्या आणि दोन खऱ्या गोष्टींची, असा तिचा नेम होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, संध्याकाळी स्वतःचा चष्मा पुसून वाचायला बसायची आणि महिनाअखेरीला प्रत्येक पुस्तकावर चार ओळी लिहून चर्चच्या फळ्यावर टाचायची. मंडळीतले लोक तिला वाचकबाई म्हणत. फळा वाचून पुस्तक घेणारे थोडे, फळ्यावरच भागवून पुस्तक वाचल्याचा आव आणणारे फार. तिला त्याचंही कौतुक होतं.

या महिन्यात पहिली कादंबरी हॉटेल चालवणाऱ्या दोन बहिणींची होती. शेवट ओढूनताणून आणलेला. मग मधमाश्यांवरचं पुस्तक, ते तिनं दोनदा वाचलं. मग एका खलाशाची कादंबरी, सत्तर पानं कमी असती तर बरी. चौथं पुस्तक खुद्द पाळकसाहेबांचं, मंडळीतल्या खऱ्या अनुभवांचं. पाळकबाईंनी ते कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं होतं आणि छान लिही हं, असं दोनदा बजावलं होतं.

एकसष्टाव्या पानावर 'एक भगिनी' होती. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि ही उशाशी कादंबरीत डोकं खुपसून बसलेली. कसली ही बया, असं वाचकबाईच्या मनात आलंसुद्धा. पुढच्या ओळीत नवरा पाणी मागतो आणि भगिनी म्हणते, "एवढं पान होऊ दे." पान संपतं तेव्हा नवरा गेलेला असतो.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तीच होती.

तिचे हे शब्द ठाऊक असलेला एक तर गेला. दुसरा प्रभू, तो बोलत फिरत नाही. उरल्या पाळकबाई. चर्चच्या मागच्या खोलीत त्या रोज एकेका भगिनीबरोबर जोडीनं प्रार्थनेला बसत, हिचा वार बुधवार. दोघी गुडघे टेकून प्रार्थना करत आणि तिथलं तिथंच ठेवायचं, हा अशा जोडीचा नियम होता. सहा वर्षं पोटात ठेवलेलं तिनं त्या खोलीत सांगून टाकलं होतं, तेव्हा पाळकबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मांडीवर डोकं घेऊन केसानं गळा कापला, असं तिला वाटलं आणि ती ढसाढसा रडली.

पुस्तक एवढ्यावर थांबलं नव्हतं. भगिनीनं घरातल्या सगळ्या कादंबऱ्या जाळल्या आणि तिला शांती मिळाली, असं पुढे होतं. वाचकबाईनं समोरच्या कपाटाकडे पाहिलं. ती कादंबरी मधल्या कप्प्यात होती, खूण अजून त्याच पानावर. शांतीचा पत्ता नव्हता.

बुधवारी तिनं विचारलं तर पाळकबाई जराही वरमल्या नाहीत. साहेबांना एखादा चटका लावणारा अनुभव हवा होता, नाव थोडंच घातलंय, उलट किती जणींचं भलं होईल, असं म्हणत त्यांनी उशी ओढून गुडघे टेकले.

"बोल, आज कशासाठी प्रार्थना करायची?"

"गुडघेदुखीसाठी," वाचकबाई म्हणाली.

तिचे गुडघे ठणठणीत होते. त्या खोलीत ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

रविवारी उपासनेआधी तिनं फळ्यावर कागद टाचला. बहिणी, मधमाश्या, खलाशी, प्रत्येकाला नेहमीच्या चार ओळी. खाली लिहिलं होतं: 'चौथं पुस्तक. पान एकसष्टवरची बाई मी आहे. ह्यांनी पाणी मागितलं आणि मी पान पुरं केलं, हे खरं. पुस्तकं जाळली आणि शांती मिळाली, हे खोटं. मागच्या खोलीत बसलेल्या बाकीच्या भगिनींनीही पुस्तक चाळून घ्यावं.'

उपासना संपली तेव्हा दाराशी विक्रीला मांडलेल्या टेबलावर पाळकसाहेबांच्या पुस्तकाची एकही प्रत उरली नव्हती. बायका पायऱ्यांवर, भिंतीला टेकून, उभ्याउभ्या पानं उलटत होत्या. शाळेतली शिपाईणबाई एका पानाशी थांबली आणि मटकन खाली बसली. पाळकबाई लगबगीनं फळ्यापाशी आल्या, आधी तो कागद काढ, म्हणाल्या आणि टाचणीकडे हात नेला.

वाचकबाईनं तो हात धरला.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांचं पान होऊ दे."