सहीसाठी अडलेला फ्लॅट

मी बेसा भागातला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बोलतोय. खोल्या दोन, मालकही दोन: प्रेमानंद आणि त्याची धाकटी बहीण मेघा. तो इथंच नागपुरात शाळेत शिकवतो, ती कॅनडात नोकरीला. दहा वर्षांपूर्वी दोघांनी मला निम्मा-निम्मा घेतला. राहायला नव्हे, भाव वाढला की विकायला.

माझ्यात राहिली ती भाडेकरू सुभद्रा. नर्स होती, सोबत म्हातारी आई. तिनं बाल्कनीत कढीपत्ता लावला, गळका नळ स्वतःच बदलला. एक दिवस प्रेमानंदला म्हणाली, "सर, विकायचाच असंल तर मलेच द्या ना. मायले आता दुसरीकडं करमणार नाही."

प्रेमानंद आनंदानं हो म्हणाला, आणि तिथून सगळ्यांचीच दमछाक सुरू झाली.

मेघानं मधल्या काळात तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. ती परदेशात राहते म्हणून तिच्या हिश्श्यावरचा कर वेगळ्या दरानं कापायचा, तोही घेणाऱ्या सुभद्रानंच भरायचा, असं वकिलानं सांगितलं. ती बिचारी धास्तावली. मेघानं भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं, तर त्यात तिचं सासरचं आडनाव आणि माझ्या कागदांवर माहेरचं. ते परत गेलं. दुसरं पाठवायचं लांबतच गेलं, तोवर सुभद्राच्या कर्जमंजुरीची मुदत टळली.

प्रेमानंद माझ्याच बाल्कनीत उभा राहून फोनवर ओरडला, "नवा पासपोर्ट घेतला तेव्हा काहून सांगितलं नाही वं?"

"दादा, तू फोन करतो तो कागदापायीच. कशी आहेस, हे कधी विचारलं का मले?"



सुभद्रानं दीड वर्ष वाट पाहिली, मग दुसरीकडं घर घेतलं. निघताना तिच्या आईनं माझ्या चौकटीवरून हात फिरवला. नंतर नुसतं कुलूप आणि धूळ.

या उन्हाळ्यात मेघा स्वतः आली. अडलेले कागद चार दिवसांत झाले. दलाल घर बघायला यायचा म्हणून ती दुपारीच आली, खिडक्या उघडल्या, झाडून काढलं, आणि ओढणीची उशी करून गार फरशीवर लवंडली ती झोपलीच.

प्रेमानंद दलालाला घेऊन दारात आला. बहिणीकडं बघत राहिला.

"उद्या ये गा," तो हळूच म्हणाला. "थकून गेली हाये."

त्यानं चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळानं त्याचाही डोळा लागला.

दहा वर्षांत माझे मालक माझ्यात विसावले ते हे पहिल्यांदा. उद्या खुशाल विका मला. आज मात्र कुणी बेल वाजवू नका.