निळ्या कापडाची खोळ

रंगाऱ्याच्या बायकोचा शिवणकामात हात असा बसलेला की तिने मारलेली गाठ कात्रीवाचून सुटत नसे. शेजारणी म्हणायच्या, "हिची नाडी एकवेळ तुटेल, पण सैल व्हायची नाही." त्या रविवारी हेच कौतुक तिच्या अंगाशी आलं.

नवरा दीड वर्षापूर्वी इमारत रंगवताना परांचीवरून पडला होता. पाठीचा मणका वरच्या बाजूला मोडला. हात शाबूत राहिले, पण छातीखालचं अंग जणू परक्याचं झालं. लघवीला कायमची नळी, चाकाच्या खुर्चीला लटकवलेली पिशवी. पोट साफ करायचं तेही रोज सकाळी तिनेच, हातमोजा घालून. पहाटेची प्रार्थना तिने कधी चुकवली नाही, तसं हेही कधी चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र चुकवलं. नवऱ्याच्या कामावरचे मुकादम आणि त्याचा जोडीदार लांब्या पहिल्यांदाच भेटायला येणार होते. घरात वास राहील, उद्या बघू, असं तिने मनाशी म्हटलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कपाटावर चिकटवलेला कागदही काढून खणात सारला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: 'अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर ताठ बसवा. आधी नळी बघा, मग पोट. थांबू नका. रक्तदाब चढतो, जिवावर बेततं.'

आणि पिशवीसाठी तिने पडद्याच्या उरलेल्या निळ्या कापडाची खोळ शिवली होती. जेवणं आटोपल्यावर ती चढवायला बसली.

"कशाला गं? ते काय मला नवरदेव म्हणून बघायला येताहेत?" नवरा म्हणाला.

"असू द्या. चारचौघांत बरं दिसतं."

तिने नाडी खोळीच्या तोंडाशी दोनदा फिरवली आणि गाठ आवळली. देवापाशी पहाटे एकच मागणं मागितलं होतं, आज लाज राख.

चारला मंडळी आली. मुकादम दारातूनच गरजले, "अरे वा, खुर्चीला चाकं लावून घेतलीस! म्हणजे आता उशिरा यायची सबब गेली!"

हसणं झालं, जुन्या कामांच्या गोष्टी निघाल्या. तिने चहा ठेवला. ती ट्रे घेऊन आली तेव्हा लांब्या म्हणत होता, "काय रे, तोंडाला लाल प्रायमर मारून बसलास?"

"आणि घाम बघा!" मुकादम म्हणाले. "कामावर असताना एवढा कधी गाळला नाही पठ्ठ्याने."

सगळे हसले. तीही हसली.

नवरा हसला नाही. "डोकं ठणकतंय," तो हळूच म्हणाला.

तिने ट्रे खाली ठेवला. सकाळचं राहिलंय, त्याचंच हे. पण परक्या पुरुषांसमोर ते काढायचं कसं? तिने वाकून कानाशी म्हटलं, "जरा कळ काढा. चहा झाला की जातीलच."

"नळी बघ."

"नळी ठीक आहे," ती न बघताच म्हणाली.

मुकादमांनी कुठल्याशा चुकीच्या रंगाने रंगवलेल्या भिंतीची गोष्ट लावली होती, ती संपता संपेना. तिची नजर नवऱ्यावर खिळली होती. मानेवरून घामाच्या धारा, आणि छातीखाली शर्ट कोरडा ठणठणीत. त्याने खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि तो मोठ्याने म्हणाला, "अगं, मला सगळं दोन-दोन दिसतंय. मी मरेन इथे."

मुकादमांची गोष्ट तिथेच तुटली.

"धरा यांना!" ती ओरडली. एवढा चढा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. "ताठ धरा, आडवं होऊ देऊ नका!"

ती गुडघ्यांवर बसली. पिशवी रिकामी, वरची नळी काठोकाठ भरलेली, आणि मधे नाडीखाली ती चेपून पार चपटी. गाठ ओढावी तशी आणखी आवळे. तिचीच गाठ ती.

"मशीनवरची कात्री द्या!"

लांब्याने दिली. नळीला धक्का न लावता तिने नाडी कापली. लघवीचा लोंढा पिशवीत आला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिने रक्तदाबाचं यंत्र लावलं. एकशे नव्वद. एरवी त्याचा शंभराच्या आसपास असे. फोनवर नर्सबाई म्हणाल्या, बसवूनच ठेवा, दर पाच मिनिटांनी मोजा, उतरला नाही तर लगेच घेऊन या. एकशे साठ. एकशे तीस. मग एकशे दहा.

"आता पोटाचं बघा," नर्सबाई म्हणाल्या. "बधिर करायचं मलम लावून, अगदी हलक्या हाताने. सकाळी झालं होतं ना?"

फोनचा आवाज मोठा होता. सगळे तिच्याकडे बघत होते. "नाही," ती म्हणाली. "पाहुणे येणार, म्हणून मी चुकवलं."

मुकादमांनी मान खाली घातली. "आमच्यासाठी?" ते एवढंच म्हणाले आणि लांब्याला घेऊन दाराबाहेर जिन्यावर जाऊन बसले.

सगळं उरकून ती बादली घेऊन बाहेर आली. मोरी जिन्यापलीकडे होती. तिचे पाय उंबऱ्याशी अडखळले. तेवढ्यात मुकादमांनी पाय आखडले आणि कामावर रंग वर चढवताना द्यायचे तीच हाक दिली, "वाट द्या, बादली आलीय!" लांब्या झटकन उठून भिंतीला चिकटला. कुणी नाक दाबलं नाही. तिची मान मात्र वर होईना.

मंडळी गेल्यावर तिने कागद पुन्हा कपाटावर चिकटवला. नवरा बघत होता.

"मला पिशवीची लाज नव्हती गं," तो म्हणाला. "तू खोळ शिवलीस, तेव्हापासून वाटायला लागली."

ती चहाचे कप विसळत राहिली, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

दुसऱ्या पहाटे ती प्रार्थनेला बसली. कालचं मागणं ओठांवर आलं, ते तिने गिळलं. उठली, नवऱ्याची नळी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपून आली, आणि मग हात जोडले.