पाठीवरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची असेन म्हणून कान लावाल, तर नुसती चिरचिर ऐकू येईल. माझ्या पोटात संगणकाचा एक खेळ आहे. तो खेळ माझा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

ऑस्ट्रेलियात अॅडलेडमधल्या एका गॅरेजात माझं जे काही बरंवाईट व्हायचं ते झालं. तेव्हा घरोघरी नुकते छोटे संगणक आले होते. ते टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून खेळ भरून घ्यायचा. डेस पास्को नावाच्या माणसाने लढाईचे, डोकं चालवायचे खेळ काढणारी कंपनी सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं 'लेफ्ट फ्लँक', म्हणजे सैन्याची डावी बगल. कंपनी कसली, तो आणि त्याची थोरली बहीण ग्लेनिस! लहानपणी दोघं स्वयंपाकघराच्या टेबलावर शर्टाच्या बटणांचं सैन्य मांडून लढायची आणि डेस दर वेळी हरायचा.

पहिला खेळ होता 'कोरडी नदी'. त्यातला शत्रू म्हणजे संगणक. तो आधी अगदीच ठोंब्या होता, सरळ चालून यायचा आणि मरायचा. मग डेसने टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा पसरला आणि शत्रूच्या बाजूला ग्लेनिसला बसवलं. ती आधी मागे सरायची, समोरच्याला लांबवर येऊ द्यायची आणि हळूच त्याचं पाणी तोडायची. डेस हरायचा, ती असं का खेळली ते खोदून खोदून विचारायचा आणि तेच संगणकाला शिकवायचा. अख्खा हिवाळा त्यात गेला.

खेळ गाजला. यातला शत्रू माणसासारखा विचार करतो, असं मासिकांनी छापलं. डेसने मुलाखतीत ठोकून दिलं की हा शत्रू आपल्याला आंघोळ करताना सुचला. ग्लेनिस तेव्हा गॅरेजात बसून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कॅसेटी भरत होती. तिने वेष्टन उलटसुलट करून पाहिलं.

"माझं नाव कुठाय रे?"

"अगं, लढाईच्या खेळावर बाईचं नाव बघून कोण घेईल? आणि तू तर घरचीच."

"घरचीच. म्हणूनच विचारतेय."

उरलेल्या पिशव्या तशाच टाकून ती निघून गेली. दुसरा खेळ तिच्याशिवाय निघाला आणि त्यातला शत्रू पुन्हा ठोंब्याच निघाला. गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या. मग डेस लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. तिने केक ठेवून घेतला आणि एकच अट घातली. 'कोरडी नदी'च्या नव्या आवृत्तीत पहिल्याच पडद्यावर लिहायचं, 'शत्रू : ग्लेनिस पास्को'.

मित्रांनो, ती नवी आवृत्ती माझ्यावर भरली गेली. मी मूळ प्रत, बाकीच्या माझ्यावरून निघणार होत्या. ग्लेनिसने माझ्यावर स्वतःच्या हाताने 'पुसू नये' असं लिहिलं. आमच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन चिमुकले दात असतात. ते मोडले की रेकॉर्डर आमच्यावर नवं काही भरत नाही. तिने ते विणायच्या सुईने मोडले. त्या दिवशी मला काय मान वाटला म्हणून सांगू!

पण बाजार फिरला. आमचा माल दुकानांत खपवणारा मेलबर्नचा माणूस म्हणाला, डोकं चालवायला कुणाला वेळ नाही, उडती यानं आणि गोळीबार द्या, तोही सोमवारपर्यंत. डेसने घाईघाईत तसला खेळ जुळवला. मूळ प्रतीसाठी चांगली कोरी कॅसेट हाताशी नव्हती. दुकान चार गल्ल्यांवर होतं, पण फळीवर मी होते. "तात्पुरतं," तो स्वतःशीच पुटपुटला. दात मोडून माझ्या पाठीवर पडलेल्या दोन्ही भोकांवर त्याने चिकटपट्टी लावली, म्हणजे रेकॉर्डर फसून पुन्हा भरू लागतो, आणि बटण दाबलं.

तो खेळही पडला. कंपनीला टाळं लागलं. नव्या आवृत्तीची एकही प्रत माझ्यावरून निघाली नव्हती. डेस बहिणीला काही बोलला नाही आणि ती मात्र समजून राहिली की आपलं नाव फळीवर सुखरूप आहे.

कितीतरी वर्षांनी डेसने घर विकायला काढलं, तेव्हा ग्लेनिस आवराआवर करायला आली. केस पांढरे, गुडघे दुखणारे. धूळ पुसून तिने मला उचललं, स्वतःचं अक्षर पाहून हसली आणि डेसला जुना संगणक जोडायला लावला. त्या खेळातला शत्रू आपण आहोत, हे सुनेला आणि नातवंडांना सांगून सांगून ती थकली होती, कुणाला खरं वाटत नव्हतं. आता पडद्याचा फोटो काढून नेणार होती. मी चिरचिरत राहिले. डेस विनाकारण दुसऱ्यांदा चहा टाकायला उठला.

पडद्यावर यान आलं आणि गोळ्या सोडू लागलं.

ग्लेनिसने मला बाहेर काढून उलटं केलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"त्या वेळी घाई होती गं," डेस म्हणाला.

"घाई? अरे, बघ तरी. नखाने दाबून दाबून पट्टी किती नीट बसवलीयस."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर काही लिहिलेलं दिसलं, तर वाचा. कुणीतरी ते काळजीने लिहिलेलं असतं. माझ्यासाठी मात्र आता उशीर झाला आहे. जाण्याआधी ग्लेनिसने ती चिकटपट्टी ओढून काढली आणि मला पुन्हा फळीवर ठेवलं. भोकं उघडी आहेत, वर तिच्या अक्षरात 'पुसू नये' आहे, आणि आत तेवढं ते यान जपून ठेवलेलं आहे.