फळीच्या कडेला आलेला दगड

मित्रांनो, कोट्यवधी वर्षांचा दगडही घाबरतो, असं सांगितलं तर हसाल. पण मी घाबरलो होतो, तेही एका पाळण्यापायी.

माझा जन्म कच्छमधल्या एका वाळवंटी दरीतला. तिथं जमिनीत दोन लांबच लांब भेगा आहेत. अशा भेगेला भ्रंश म्हणतात. दोन भ्रंशांमधली जमीन खचली, तीच आमची दरी. शेकडो वर्षं सगळं गप्प असायचं; आत मात्र ताण साठत जायचा आणि एखाद्या क्षणी जमीन सरकायची. त्या घासण्यानं माझी एक बाजू गुळगुळीत झाली, तिच्यावर सरळ चरे उठले.

कॉलेजच्या सहलीत झीनतनं मला उचललं. सर म्हणाले, "जमीन कुठल्या दिशेनं सरकली, ते हा दगड सांगतो." केवढं कौतुक! लग्नानंतर ती मला कुंभारी गावी, सासरी घेऊन आली. मी फळीवर बसलो. खाली तिच्या तान्ह्या समराचा पाळणा.

झीनत फार जपणारी आई. पाळण्याची कडी रोज ओढून बघायची. दुपारी जवळच्या खाणीत सुरुंग उडाला, की भिंतीच्या चिरेकडे धावायची. चिरेवर तिनं काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली तर काच तडकेल म्हणून. काच शाबूत होती. सरकत होतो तो मी. दर सुरुंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा. निम्मा फळीबाहेर आलो, पण ओरडणार कसा?

त्या दुपारी तिच्या सासूबाई, रशीदा, चटई उचलताना थबकल्या.

"झीनत, ह्यो धोंडा फुडं आलाय की गं!"

"नाही अम्मी, तो तिथंच असतो."

"व्हय? मग मागं धुळीत पट्टा कुनी वढला? लई शिकलीस की! भिंतीला चष्मा लावलास आन् लेकराच्या डोक्यावर दगड ठेवलास!"

झीनतनं पाहिलं. धुळीतला तो सरळ पट्टा वाचायला तिला क्षणही लागला नाही. तेवढ्यात सुरुंग उडवण्याआधीची खाणीची शिट्टी वाजली.

"अम्मी, समराला घ्या!"

रशीदांनी लेकराला छातीशी ओढलं. झीनतचा हात माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच घर हादरलं. मी पडलो. जिथं समराचं डोकं होतं, त्या गोधडीतच रुतलो.

कुणी मला फेकलं नाही. कितीतरी वेळ झीनत समराच्या टाळूवरून नुसती हात फिरवत होती.

आता मी अंगणात, जमिनीवर आहे. मित्रांनो, घरात तान्हं असेल, तर आजच एकदा वर बघा. फळीवर जे जड असेल ते उतरवा, मग ते कितीही मानाचं असो. खाली बसण्यात आम्हांला कमीपणा नाही. भीती वाटते ती वरून पडण्याची.