दारांच्या रेघा

टक्.

एवढासाच आवाज. प्लास्टिकच्या चौकटीतून बाजूचा आरसा कापून काढताना पकडीचा होतो, तेवढा. पण दुपारी घर निजलेलं असताना तो ताट पडल्यासारखा वाटतो. मी हात होता तिथेच धरला आणि आतल्या खोलीकडे कान लावला. ठकूने कूस बदलली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, मग तिचा श्वास पुन्हा संथ झाला. तेव्हा कुठे मी माझा सोडला.

ठकू, माझी लेक, आता चौथ्या वर्षात आहे. तिची दुपारची झोप हाच माझा दिवस. बाकीचा दिवस तिचा, घराचा आणि उरलासुरला तिच्या बाबाचा.

त्या चोरलेल्या तासात मी तळहाताएवढ्या गाड्या करते. डब्यातून येतात त्या. झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे चौकटीला लटकलेले सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. याची सवय लागली ती ठकू तान्ही असताना. ती अंगावर पीत असायची, माझा एक हात मोकळा असायचा आणि त्या हातात फोन. त्या हाताने मी दुनियेतले किट, म्हणजे हे सुट्या भागांचे डबे, बघत बसायचे, आणि बघता बघता घ्यायलाही लागले. घेतलेले सगळे होतात असं नाही. कुणाचेच होत नाहीत. पलंगाखाली न उघडलेल्या डब्यांच्या थप्प्या आहेत. नवरा म्हणतो, "आपला पलंग आता पायांवर नाही, तुझ्या डब्यांवर उभा आहे." सासूबाईंचं तर ठरलेलंच: "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मी म्हणते, आई, रिकामा असता तर बिचाऱ्याने झोप नसती काढली?

ऑनलाइन आमचा एक गट आहे, सगळे असेच वेडे. त्यात वाळूकागद या नावाने लिहिणाऱ्या एक बाई आहेत. निवृत्त दातांच्या डॉक्टर. त्यांच्या गाड्यांना बोट लावलं तर काचेवरून घसरावं तसं घसरतं. कुणी नवीन माणूस आला की त्या एकच सांगतात: "घाई केलीस की रेघ बुडते." रेघ म्हणजे दारांची रेघ. या छोट्या गाड्यांची दारं उघडत नाहीत. नुसती बारीक खोबण असते आणि त्या खोबणीमुळेच डोळ्याला दार दिसतं. रंगाचा जाड थर बसला की खोबण भरते आणि दाराची भिंत होते.

कंपन्या किट काढतात ते शर्यतीच्या गाड्यांचे, नाहीतर राजेरजवाड्यांच्या. सीटखाली बिस्किटांचा चुरा असलेली, डिकीत डायपरची पिशवी असलेली आमच्यासारखी गाडी कोण कशाला करेल? तरी तसा किट कुणी विकायला काढला तर कळावं म्हणून मी फोनवर सूचना लावून ठेवली होती. एका दुपारी फोन वाजला आणि ती समोर. तीच बनावट, तोच पांढरा रंग. खाली लिहिलं होतं: सुरू केलेला, अर्धवट. आधीच्या माणसाने सीटा तपकिरी रंगवून बसवल्या होत्या, काचाही लावल्या होत्या आणि वरचं कवच खालच्या तळाला चिकटवून टाकलं होतं. उलटा कारभार. काचा कधीही शेवटी लावतात.

मी विकणाऱ्याला विचारलं, अर्धवट का सोडलीत?

त्याचं उत्तर आलं, "आमची खरी गाडी विकली. मग हिला हात लावावासा वाटेना."

किती हळवा माणूस, असं मला वाटलं होतं.

किट आला. डाव्या मागच्या दारावर बारीकसा खळगा होता. प्लास्टिक जाड असतं तिथे थंड होताना आकसतं आणि असा खळगा पडतो. ज्याला हे माहीत नसतं तो म्हणेल, पोचा आहे. मला माहीत होतं, म्हणूनच फसले. मी खळग्यात राखाडी पुटी भरली, सुकू दिली, बारीक कागदाने घासून सारखी केली. ठकू उठायच्या आत पसारा आवरलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून आला तो खूश होऊन.

"अगं, पोचा काढून आणलास? सांगायचं तरी!"

"कसला पोचा?"

"मागच्या दाराचा. तुझ्या हातचा."

"माझ्या हातचा काय? खांब मध्ये आला होता."

"हो ना, चालत आला खांब. पण गॅरेजवाल्याने काम अर्धवट केलंय. रंग मारायचा राहिलाय, राखाडी डाग दिसतोय."

मी ठकूला कडेवर घेऊन खाली गेले. आमची गाडी इमारतीच्या मागच्या बाजूला उभी असते, खिडकीतून दिसत नाही. दारावरचा खळगा गेला होता. मी हात फिरवला. पुटीचा थर हाताला लागला. आणि त्यावर बारीक गोल गोल ओरखडे होते. मी कागद गोल फिरवते. सरळ फिरवायला हवा, वाळूकागद बाई नेहमी रागावतात.

"आई, काय झालं?" ठकू म्हणाली.

"काही नाही गं. धूळ आहे."

त्या दिवशी मी छोट्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा, टाचणीच्या टोकाएवढा निळा ठिपका दिला. सकाळी खाली जाऊन वाकून पाहिलं. त्याच कोपऱ्यात निळा ठिपका होता, बाटलीच्या झाकणाएवढा. वर येऊन पुसला. खालचाही गेला.

मी नवऱ्याला सांगितलं. सांगताना मलाच माझा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. त्याने ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "तुझी झोप होत नाहीये."

"मी खरं सांगतेय."

"मी कुठे खोटं म्हणतोय? पण झोप होत नाहीये, हेही खरं." मग टेबलावरची गाडी हलकेच उचलून त्याने बघितली. मी किंचाळलेच. "खाली ठेव! पडेल!"

त्याने ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी होती. मला तीच नको होती.

कपाटात स्वेटरांच्या मध्ये मी ती जपून ठेवली. पण तो राखाडी डाग मला सुखाने बसू देईना. मी त्या गाडीचं जे काही करेन ते खाली उतरणार होतं, मग असं अर्धवट ठेवून कसं चालेल? पुटी निघाली तर? सरळ रंगाखालचा प्रायमर द्यायचा, वर पांढरा रंग द्यायचा, काम नीट पूर्ण करायचं आणि ती काचेच्या पेटीत कायमची बंद करायची. आणि प्रायमर कधी एका डागापुरता देत नाहीत. वरचा रंग मग तेवढ्याच जागी वेगळा दिसतो. द्यायचा तर सगळ्या अंगाला.

सुट्टीच्या दिवशी नवरा म्हणाला, "ठकूला बागेत नेतो. तासभर तुझा. झोप काढ."

"गाडी नेऊ नकोस हं आज."

"नाही नेत बाई. चालतच जाऊ."

दार लागलं. मी बाल्कनीत कागद पसरला, डबी उघडली आणि काचा सांभाळत ब्रशने प्रायमर द्यायला बसले. दारं, बॉनेट, डिकी. राखाडी थर गुळगुळीत बसत गेला. एकट्या घरात हातात ब्रश असण्याचं सुख काय असतं, ते मी कुणाला सांगावं? पहिला थर पातळ वाटला. तो वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. पण तास माझा, आणि तास केवढा असतो. मी ओल्यावरच दुसरा दिला.

दुसरा संपवून गाडी उजेडात धरली. चारही दारांच्या रेघा बुडाल्या होत्या. डिकीचीही. नुसता एक राखाडी गोटा, त्याला काचा.

फोन वाजला.

"अगं, खाली ये." नवऱ्याचा आवाज कसातरीच होता. "ठकू गाडीत आहे. दार उघडत नाहीये."

"गाडीत? चालत जाणार होतास ना?"

"बुटात खडा गेला म्हणून रडायला लागली, मग म्हटलं गाडीनेच... तिला बसवलं, दार लावलं, पिशवी ठेवायला मागे गेलो. अगं, गाडी राखाडी होत गेली. माझ्या डोळ्यांदेखत. आणि आता दारंच नाहीत."

दारामागच्या खुंटीकडे मी पाहिलं. किल्ली नव्हती. तो गेला तेव्हा मी एकदाही त्या खुंटीकडे पाहिलं नव्हतं.

"काच फोड," मी म्हणाले.

"दगड मारला. आवाजच येत नाही. प्लास्टिकवर मारल्यासारखं होतंय. ती मला दिसतेय, पण ऐकू येत नाही. नाकाला हात लावतेय. आत वास येत असेल. ऊन आहे गं इथे. तू खाली ये आधी!"

थिनरने क्षणात निघाला असता थर. माझा हात बाटलीकडे गेलाही. पण थिनरचा वास डोक्यात जातो, आणि आत माझी लेक होती.

"मी येत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मी इथूनच उघडते. फोन ठेवू नकोस."

"तू आई आहेस की कोण?" तो ओरडला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तो माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि रेघ कोरायची सुई घेतली.

रेघ कोरताना जोर द्यायचा नसतो. सुई नुसती फिरवायची, पुन्हा फिरवायची, तिला तिची वाट सापडू द्यायची. दाबली की निसटते. एरवी मी कडेला पट्टी लावते, तिच्या आधाराने सुई चालते. पट्टी शोधायला वेळ नव्हता. ठकूची सीट मागे, डाव्या बाजूला. मी डावं मागचं दार धरलं. दार कुठे होतं ते आठवायचं होतं फक्त. खांबाला घासलेलं, पुटी भरलेलं, माझं दार. माझ्या बोटांना ते पाठ होतं.

"ती रडतेय," फोनमधून आवाज आला. मग, "आता रडत नाहीये."

"म्हणजे?"

"डोळे मिटतेय. ठकू! ए ठकू! इकडे बघ बाबाकडे!"

मी सुई उचलली. घाईत ती काचेवर गेली असती तर? अंगाई म्हणावी तसं मी स्वतःशी पुटपुटत राहिले: हळू गं, हळू. गाडी वर उचलली, डोळ्याशी नेली आणि मागच्या काचेतून आत पाहिलं. दुसऱ्या माणसाने रंगवलेली तपकिरी सीट होती. रिकामी. कुणीही नव्हतं तिथे. तरी मी त्या काचेवर हळूच फुंकर घातली. का, ते माहीत नाही. तिला भाजलं की मी फुंकर घालते.

"डोळे उघडले तिने," नवरा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "वर बघतेय. माझ्याकडे नाही, वर."

मी पुन्हा सुई लावली. वरून खाली. वळण. खालून आडवी. ओला प्रायमर सुईच्या टोकाला गोळा होत होता, तो मी पदराला पुसत होते. एकदा सुई निसटली आणि दारावर तिरका ओरखडा गेला. फोनमधून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि नवऱ्याच्या तोंडून एक शब्द, जो तो ठकूसमोर कधी काढत नाही.

"काय झालं? तिला लागलं?"

"नाही. नाही लागलं. दाराला... तू काय करतेयस तिथे?"

शेवटची बाजू राहिली होती, कडीकडची. मी श्वास धरला. सुई खोबणीत उतरली, तिला तिची वाट सापडली आणि ती आपोआप घरंगळत शेवटापर्यंत गेली.

फोनमध्ये खट् झालं. मग ठकूचा खोकला आणि रडणं. मोठं, रागावलेलं, जिवंत रडणं. मी तिथेच कागदावर बसले.

तो तिला घेऊन वर आला तेव्हा तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि मी तिला एवढं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय." तिचा बाबा बाल्कनीच्या दारात उभा होता. कागदावरची राखाडी गाडी, एकाच दाराची रेघ, त्यावरचा तिरका ओरखडा, सगळं त्याने पाहिलं.

"खालच्या ओरखड्यात माझं बोट जातंय," तो म्हणाला.

मग तो आत गेला आणि त्याने मला पाणी आणून दिलं.

ती गाडी फेकता येत नाही. फेकली तर काय होईल? विकता येत नाही. घेणारा काय करेल? तो विकणारा माणूस हळवा नव्हता. त्याने आधी खरी गाडी घालवली होती, म्हणजे हिला जोडीला काही उरू नये, आणि मग ही. मला ते आता कळलं. आमचीही गाडी विकायला काढायची, असं आम्ही त्याच संध्याकाळी ठरवलं. तोपर्यंत त्या लहान गाडीला कुणी हात लावायचा नाही.

संध्याकाळी मी ठकूला आंघोळ घालत होते. अंगाला अजून रंगाचा वास होता. मी कानामागे, मानेखाली साबण लावून पुन्हा पुन्हा धूत होते. ती पाण्यावर हात आपटत होती, सगळं विसरल्यासारखी. मग थांबली आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागली. माझ्या एका गालाला तिने ओलं बोट लावलं, मग दुसऱ्या. जणू काहीतरी मोजत होती.

"आई, मी हात केला होता तुला."

"कधी गं?"

"गाडीत. तू काचेतून बघत होतीस ना. तुझा नुसता डोळाच मावला." ती हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं आणि ओठ थोडा पुढे आला, रुसताना येतो तसा.

"तू एवढी मोठी झाली होतीस आई, मग मला उचलून का नाही घेतलंस?"