लुंबिनीची तुकडी

लुंबिनीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण मुरुडच्या शाळेत आठवीच्या सेमी-इंग्रजी तुकडीत तिच्याइतकं कान देऊन ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मराठी ब्रेल पुस्तकं तिला जूनमध्येच मिळाली. इंग्रजीतल्या विज्ञानाचं ब्रेल पुस्तक मात्र काही येईना. मग बाकावरची मैत्रीण शिवांगी मधल्या सुट्टीत धडा वाचून दाखवायची अन् लुंबिनी डबा तसाच ठेवून ऐकत राहायची.

सहामाहीला लेखनिक म्हणून सातवीतली एक मुलगी दिली. लुंबिनी भराभर उत्तरं सांगू लागली आणि ती मुलगी पहिल्याच प्रश्नाला अडली.

"ताई, फोटोसिंथेसिसचं स्पेलिंग सांग ना."

 तो शब्द लुंबिनीला अर्थासकट येत होता, पण बोटांखालून कधी गेला नव्हता.

"येईल तसं लिही," ती म्हणाली. पुढं असंच अडत गेलं. अर्धा पेपर कोरा राहिला.

मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना, आनंदराजला, बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. "पोरगी हुशार हाय हो, पण तिचे हाल होऊन राहिलेत. मराठी तुकडीत टाकू. तिथं सगळी पुस्तकं हायेत."

सर कळवळून बोलत होते. आनंदराजनं होकाराची मान डोलावली.

घरी आल्यावर लुंबिनीला कळलं. "मला विचारलं का न्हाई, बाबा?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं, माय."

"मला समजत होतं सगळं. निस्तं पुस्तक नव्हतं."

 आनंदराजनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला नाही, पण रडूही आवरलं नाही.

शिवांगी सुरुवातीला सुट्टीत नव्या वर्गात यायची. नंतर तिचे जादा तास लागले, नव्या मैत्रिणी झाल्या. तिचा राग धरावा असं काही घडलं नव्हतं, म्हणून लुंबिनीला जास्तच लागलं.

वार्षिक परीक्षेत ती मराठी तुकडीत पहिली आली. आनंदराजनं गल्लीभर पेढे वाटले.

"खूश हायेस ना?" त्यानं विचारलं.

"सेमीत नापास झाले असते, तरी चाललं असतं," ती हळूच म्हणाली.

पेढ्यांचा पुडा हातात धरून आनंदराज उंबऱ्यावर बसला. पुढच्या वर्षी परत सेमीत घ्या म्हणून सरांना विचारू, असं तो म्हणाला. लुंबिनी "हाव" म्हणाली आणि आईला भाकरीचं पीठ काढून द्यायला आत गेली.