अट घालून पास

हेमलताबाईंनी आयुष्यात माल न बघता एकही सही केली नव्हती आणि या गोष्टीचा त्यांना चांगलाच अभिमान होता. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेली बाई. माल समोर आला की आधी चष्मा पुसायचा, मग माल बघायचा, मग कागद. मागं उभा राहून कुणी साहेब घाई करू लागला, तर चष्मा पुन्हा एकदा पुसायचा.

निवृत्तीनंतर गावातल्याच रिछाईकडच्या एका खासगी संशोधन संस्थेनं त्यांना बोलावलं. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची मंजुरी लागते आणि त्या समितीत शास्त्रज्ञ नसलेला, बाहेरचा एक माणूस लागतो. काम बिनपगारी. समितीचे अध्यक्ष डॉ. अंबरीश वर्षापूर्वीच पुण्याहून आलेले, बोलायला मोठे गोड. "ताई, तुम्ही फक्त सामान्य माणसाच्या नजरेनं बघायचं," ते म्हणाले. बघणं आपल्याला येतंच की, असं बाईंना वाटलं आणि त्या हो म्हणाल्या.

पहिल्याच बैठकीत रुचिरा नावाच्या तरुण शास्त्रज्ञ मुलीचा अर्ज आला. चाळीस सशांच्या पायाच्या हाडाला भोक पाडायचं, त्यात नवीन लेप भरायचा आणि हाड कसं भरून येतं ते पाहायचं. बाईंनी पानं उलटली. भूल द्यायचं लिहिलं होतं. भूल उतरल्यावर काय, ते कुठंच नव्हतं.

"मग नंतर दुखत नाही का त्यांना?" बाईंनी विचारलं.

"दुखणार, काकू," रुचिरा प्रामाणिकपणे म्हणाली. "पण दुखणं थांबवणारी औषधं दिली तर हाड भरायला वेळ लागतो. मग लेपाचा गुण कळणार कसा?"

"असं काहून? मुकं जनावर आहे म्हणून काहीही करून राहिले का तुम्ही लोक?"

मग बाईंनी मंजुरीच्या कागदावर स्वतःच्या हातानं अट लिहिली: शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस वेदना कमी करणारं औषध द्यावं आणि ते आणून आधी मला दाखवावं. खाली सही केली. अंबरीशांनी लगेच मान डोलावली, बाकीच्यांनीही. एवढं चटकन सगळ्यांना पटलं, तिथंच खरं तर बाईंनी चष्मा पुसायला हवा होता!

पण त्यांच्या डोक्यात कारखाना होता. कारखान्यात 'अट घालून पास' म्हणजे माल कुलूपबंद. जाळीच्या खोलीत जाऊन पडायचा आणि अट पुरी झाल्याची दुसरी सही तपासनीस स्वतः करत नाही तोवर त्याला मोठ्या साहेबांचा हातसुद्धा लागायचा नाही. एकतीस वर्षांत ही रीत कधी मोडली नव्हती. कागद सगळीकडे सारखेच वागतात, असं धरून चालल्या बिचाऱ्या.

मग त्या फोनची वाट बघत बसल्या. एक आठवडा गेला, दोन गेले. फोन नाही म्हणजे औषध आलेलं नाही, म्हणजे ससे मजेत गवत खात बसलेत, असा त्यांचा सरळ हिशेब. शेजारच्या इंदिराबाईंना त्यांनी तीनदा तरी सांगितलं, "मी अडवून ठेवले ना चाळीस. चलो, तेवढं तरी झालं हातून." सकाळी चहा पिताना ते ससे डोळ्यांपुढं यायचे आणि बाई एकट्याच हसायच्या. सांगायलाही जीव जड होतो, पण त्या सहा आठवड्यांइतक्या सुखात त्या निवृत्तीनंतर कधीच नव्हत्या.

सहा आठवड्यांनी दुसरी बैठक झाली. रुचिरा समोर उभी राहून खाली बघत बोलू लागली. प्रयोग फसला होता. शस्त्रक्रियेनंतर सशांनी खाणं सोडलं, वजनं उतरली, नऊ मेले. उरलेल्यांची हाडं तपासण्यासाठी त्यांना ठरल्याप्रमाणे मारावं लागलं, पण अशक्त जनावरांच्या हाडांवरून काहीच सिद्ध होईना.

बाईंना आधी वाटलं, ही दुसऱ्या कुठल्या सशांबद्दल बोलते आहे.

"पण मी तर थांबवलं होतं," त्या म्हणाल्या. "औषध दाखवल्याबिगर सुरू कसं केलं?"

"ताई, तुमची मंजुरी होती," अंबरीश हळुवार आवाजात म्हणाले. "अट फाइलला लावलेली आहे. हे बघा." त्यांनी खरोखरच फाइल उघडून दाखवली. बाईंचंच अक्षर, बाईंचीच सही, वर शिक्का: 'मंजूर'.

"औषध दिलं?"

रुचिरानं मान हलवली. नाही.

"चूक झाली, ताई, मी नाकारत नाही," अंबरीश म्हणाले. "पण एक चांगलं झालं बघा. आता नव्यानं करतोय, ते औषध देऊनच. अर्जातच लिहिलंय. तुमचं म्हणणं खरं ठरलं." आणि त्यांनी नवा कागद पुढं सरकवला. पुन्हा चाळीस ससे.

आपलं म्हणणं खरं ठरलं हे ऐकून कुणाला एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं नसेल. नाही म्हणावं, तर बाकीच्या आठ जणांच्या सह्यांनी काम होणारच होतं आणि मग औषधाचा आग्रह धरणारंही कुणी उरणार नव्हतं. बाईंनी सही केली. चष्मा ओला झालेला, अक्षरं दिसतसुद्धा नव्हती.

त्या तडक खाली प्राणिगृहात गेल्या. तिथं मोहन होता. पन्नाशीचा, वीस वर्षं सशांना चारा घालणारा माणूस. नवे चाळीस आलेसुद्धा होते, पिंजऱ्यांतून कान हलवत होते.

"मोहन भैया, वो पहले वाले... बहुत चिल्लाए क्या?"

"खरगोश चिल्लाता नहीं है, अम्मा जी," मोहन म्हणाला. "कोने में मुँह करके बैठ जाता है और दाँत पीसता है. चालीस एक साथ पीसते थे. मैं रेडियो चला देता था."

बाईंनी पिंजऱ्याची जाळी घट्ट धरली. आतल्या सशानं पुढं येऊन त्यांची बोटं हुंगली.

"इस बार दवा मिलेगी," त्या म्हणाल्या. "लिखा है कागज में. मैंने खुद देखा."

मोहननं चाऱ्याची टोपली खाली ठेवली. टोचून बोलायचा त्याचा स्वभावच नव्हता. जे होतं ते त्यानं सांगितलं.

"लिखा तो पिछली बार भी था, अम्मा जी."